फडावरचा झटका आणि दुसरा बूस्टर

बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या भागातील अनेक घरांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लागते. माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुलेही अर्थातच सोबत असतात. त्यामुळे येथील मुलांच्या लसीकरण कार्डावर दोन-दोन जिल्ह्यांतील शाई असते, आणि एखाद्या मात्रेनंतर मुलाला काय झाले हे त्या कार्डावरून कळेलच याची खात्री नसते.

गेल्या जुलैमध्ये अंगणवाडीतील लसीकरण सत्राच्या दिवशी आमच्या आरोग्य सेविकेचा फोन आला. पाच वर्षे नुकतीच पूर्ण झालेल्या एका मुलाला डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा, दुसरा बूस्टर द्यायचा होता आणि त्याची आई अंगणवाडीच्या दारातूनच परत फिरली होती. सेविका म्हणाली, "सर, मी सांगितलं की काही होत नाही, तर बाई जास्तच चिडल्या." मी त्या मायलेकरांना केंद्रात घेऊन येण्यास सांगितले. आशाताईंनी समजूत काढली, तेव्हा दुपारी आई, मुलगा, कडेवर धाकटी मुलगी आणि आजी अशी चौघे आली.

आजी बसण्याआधीच बोलू लागली. "मागच्या टायमाला सुई टोचली आन् रातच्याला पोरगं निळं पडलं. डोळे पांढरे केले. आता नगं." आईने प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढले. अठराव्या महिन्यातील पहिल्या बूस्टरच्या रकान्यात केवळ तारीख होती. नंतर आलेल्या झटक्याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. ती मात्रा देणाऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी जाऊन आईने सारे सांगितले होते, पण "काही होत नाही, तापाने होतं असं" एवढे ऐकवून तिला वाटेला लावण्यात आले होते. वैद्यकीयदृष्ट्या ते वाक्य कदाचित खरेही असेल. परंतु लसीनंतर झटका आला म्हणजे तो प्रतिकूल घटना म्हणून नोंदवायचा असतो, आणि ती नोंद झाली असती तर त्या दुपारी मला साडेतीन वर्षांपूर्वीच्या रात्रीचा माग काढत बसावे लागले नसते.

तो माग काढणे अत्यावश्यक होते. डीपीटीच्या मात्रेनंतर सात दिवसांच्या आत मेंदूला गंभीर इजा झाली असेल, अथवा तीव्र अ‍ॅलर्जीने मूल कोसळले असेल, तर पुढची मात्रा देता येत नाही. तापात आलेला साधा, अल्पकाळचा झटका मात्र पुढची मात्रा थांबविण्याचे कारण ठरत नाही. ह्या मुलाच्या बाबतीत यांपैकी काय घडले होते, हे फक्त त्या दोन स्त्रियांच्या आठवणीत होते.

"लस टोचल्यानंतर किती वेळाने झालं?" या प्रश्नाला आईजवळ तासांत उत्तर नव्हते. मग मी फडावरचा दिवस विचारला. लस देणारी माणसे आली तेव्हा ती मोळ्या बांधत होती आणि भाकरी खायला अजून अवकाश होता. म्हणजे सकाळचे अकरा धरू. संध्याकाळी पोराचे अंग तापले. थंडीचे दिवस असल्याने आजीने त्याच्यावर दोन गोधड्या टाकल्या. रात्री दोनच्या सुमारास कारखान्याचा ट्रक भरायला लागला, नवरा-बायको मोळ्या वाहत होती, आणि चौथ्या की पाचव्या खेपेला कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, आजीची हाक आली. म्हणजे मात्रेनंतर साधारण पंधरा तासांनी, चढत्या तापात. डीपीटीमुळे येणारा ताप याच काळात चढतो.

"किती वेळ चाललं?" "लई येळ." हे उत्तर मी प्रत्येक आईकडून ऐकले आहे, आणि त्यात खोटे काही नसते, कारण तेवढा वेळ तिच्यासाठी खरोखरच थांबलेला असतो. मी तिला डोळे मिटून ती रात्र मनात आणायला सांगितले आणि पोर शांत झाले त्या क्षणी हात वर करायला सांगितला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी पाहत राहिलो. खोलीत कुणीही बोलले नाही. तिने हात वर केला तेव्हा दोन मिनिटे पुरी व्हायला काही सेकंद उरले होते आणि तिच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होते. त्यानंतर पोर रडले, आईला ओळखले, पहाटे अंगावर प्यायले. पुढे पुन्हा कधी झटका आला नाही. चालणे-बोलणे वयाप्रमाणे होते. बापालाही लहानपणी "तापात आकडी यायची" हे आजीनेच सांगितले.

हे शेवटचे तपशील मी मुद्दाम विचारले, कारण या लसीच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाद याच जागी येतो. 1974 साली लंडनच्या एका बालरुग्णालयातील डॉक्टरांनी डीपीटीनंतर मेंदूचे विकार झालेल्या 36 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या भीतीने ब्रिटनमधील डांग्या खोकल्याचे लसीकरण सुमारे 80 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या आसपास आले, आणि पाठोपाठ डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. 2006 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लसीमुळे मेंदू बिघडल्याचे मानल्या गेलेल्या 14 रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा 11 जणांत अपस्माराच्या एका गंभीर प्रकाराशी निगडित असलेल्या जनुकात दोष सापडला. त्या मुलांचा आजार जन्मापासूनचा होता. लसीच्या तापाने पहिला झटका केवळ लवकर दिसला असावा. अशा मुलांत झटके पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ येतात, वाढ मागे पडते. माझ्यासमोरचा मुलगा टेबलावरील स्टेथोस्कोप कानाला लावून बहिणीचे पोट तपासत होता.

आईची दुसरी शंका थंडपेटीविषयी होती. फडावर आलेली लस उन्हात खराब झालेली असणार, असे तिने मनाशी धरले होते. मी शीतपेटीतून एक कुपी आणून तिच्या हातावर ठेवली आणि लेबलावरचा वर्तुळातील चौकोन दाखविला; उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाला मिळाला की कुपी टाकून द्यावी लागते. ही लस गोठली तरीही फुकट जाते. पण उष्णतेने लस बिघडली तर तिचा गुण कमी होतो, त्याने झटका येत नाही. आमच्या पुरवठ्यातील डीपीटीत डांग्या खोकल्याचे मेलेले अख्खे जंतू असतात, आणि ताप, सूज, चिडचिड ही मुख्यतः त्यांच्यामुळे येते. म्हणजे तिच्या मुलाच्या झटक्यामागे लसीचा ताप होता, हे मी तिला स्पष्टपणे सांगितले. हे वाक्य तिला कुठल्याही सरकारी खुर्चीतून प्रथमच ऐकायला मिळत होते, असे तिच्या चेहऱ्यावरून मला वाटले.

आता निर्णय. अमेरिकेतील 1981 सालच्या एका अभ्यासात 15,752 मात्रांनंतर 9 मुलांना झटके आले होते. त्यांपैकी कुणालाही कायमची इजा आढळली नाही. ह्या मुलाला धोका त्याहून अधिक, कारण एकदा झटका आलेला आणि बापाचा वारसा. मात्र तापातील झटक्यांचे वय आता सरत आले होते. खासगीत मिळणाऱ्या, जंतूचे निवडक अंश असलेल्या लसीने ताप कमी येतो, पण तिचे संरक्षण लवकर ओसरते, आणि तिची किंमत या घराला पेलणारी नव्हती. मात्रा टाळावी, तर सात वर्षांनंतर डीपीटी देता येत नाही, आणि बाल्यातील मात्रांचे संरक्षण वयानुसार विरत जाते. घटसर्प आता पाच वर्षांपुढील मुलांत अधिक आढळतो तो त्यामुळेच. प्रशिक्षणाच्या काळात मी घटसर्पाची एक मुलगी पाहिली होती. घशात राखाडी पडदा, मान बैलासारखी सुजलेली, आणि प्रतिविष येईपर्यंत आम्ही तिचे श्वास मोजत बसलो होतो. शिवाय हे मूल पुन्हा चार महिन्यांनी अशा कोपीत राहायला जाणार होते, जिथे एका खोकल्याला दहा घरे शेजारी असतात. मात्रा द्यावी, हे माझे मत झाले.

तेव्हा आईने विचारले, "पुन्हा झटका येणार नाही असं लिहून देता का, साहेब?"

"नाही, ताई. तसं मला लिहून देता येणार नाही," मी म्हणालो. आरोग्य सेविकेने चमकून माझ्याकडे पाहिले. मी पुढे सांगितले की झटका येण्याची शक्यता थोडी आहे, आला तर तो बहुधा पूर्वीसारखाच थांबेल, तापाच्या औषधाने मुलाला बरे वाटेल पण झटका टळेलच असे नाही; आणि म्हणून ही मात्रा अंगणवाडीत न देता केंद्रात सकाळी देऊ, रात्रभर तुम्ही येथे राहा, झटका थांबवण्याचे, नाकात फवारायचे औषध माझ्या खिशात असेल आणि मी समोरच्या क्वार्टरमध्ये असेन. झटका आला तर कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचे आणि मला हाक मारायची, हे आजीकडून मी दोनदा म्हणवून घेतले. आई म्हणाली, "घरधन्याला इचारते." मी घाई केली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती नवऱ्यासह आली. डाव्या दंडात अर्धा मिली. आमच्या सहा खाटांपैकी खिडकीजवळची खाट त्यांना दिली. मुलाचे वजन 15 किलो, त्या हिशेबाने पॅरासिटामॉलचे माप मी आईकडून भरून घेतले. रात्री नऊला ताप 101 होता, दोन वाजता 101.4. ट्रक भरण्याची ती वेळ. मी वॉर्डात गेलो तेव्हा घरची माणसे जागी होती आणि मुलगा गाढ झोपला होता. मी खुर्ची ओढून बसलो. आजीने त्याच्या अंगावरची गोधडी स्वतःहून बाजूला केली. पहाटे पाचला ताप 99 वर आला.

सकाळी मी कार्डावर पहिल्या बूस्टरनंतरचा झटका, तास आणि मिनिटांसह लिहिला आणि खाली या रात्रीचे तापमान लिहिले. आईने ते दोनदा वाचले. मग तिने पिशवीतून धाकटीचे कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. ती तेरा महिन्यांची होती. तिचा पहिला बूस्टर सोळाव्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरपासून देता येणार होता.

"हिचं फडावर नको," ती म्हणाली. "टोळीची गाडी निघायच्या आधी हितंच करा. ह्याच खाटंवर."

मी धाकटीच्या कार्डावर बापाचा आणि भावाचा इतिहास लिहिला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापुढे खूण केली.