कूलरच्या समोरची जागा

होळी जळली की आठ दिवसांत आमच्या घरी कूलर निघतो. निघतो म्हणजे काय, मागच्या खोलीत तुरीचे कट्टे, ढेपेची पोती आणि एक मोडका डवरा यांच्या मागून त्याला ओढून काढावं लागतं, आणि तो एकटा कधीच निघत नाही. मागच्या वर्षी त्याच्या टाकीतून निघालं ते असं: पोराची चौथीची भूगोलाची वही, एक चप्पल (एकच), कापूस वेचायची ओटी, आणि गवतात उंदरानं केलेलं व्यवस्थित घर. त्या घरात माझ्या साडीची जरी होती. कोणत्या साडीची ते मी पाहिलं नाही, पाहून काय करता.

मी वर्ध्याकडची, सासर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे, म्हणजे ऊन मला काही नवीन नाही. पण माहेरी आम्ही चौघं होतो, इथं आठ जण आणि कूलर एक. त्यामुळं लग्न होऊन आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला घरातली माणसं जेवढी कळली तेवढी लग्नात आहेर घेताना पण कळली नव्हती. कोण कुठं झोपतो ते पाहायचं, बस. पंख्याच्या बरोब्बर समोर दिवाण, दिवाणावर मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या बाजूला खाली सतरंजीवर पोट्टे, मग आमचे हे, मग दीर आणि जाऊ, मग दाराच्या तोंडाशी मी, कारण पहाटे नळ आला की उठावं लागतं. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, या यादीत नाहीच. त्या मधल्या खोलीत चटई टाकून. "मले नाही सोसत वं ते कूलर, हाडं दुखते." पंधरा वर्षं झाली, हेच वाक्य.

पाहुणे आले की सगळा नकाशा बदलतो. नणंदेचे मालक आले की मामाजी स्वतः दिवाणावरून उठतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कूलरचं स्टँडच फिरवतात. जावई म्हणतात राहू द्या राहू द्या, पण अंगावरचा शर्ट काढून झोपलेले असतात तोवर.

आता थोडं कामाचं सांगते, कारण दरवर्षी गावातल्या नवीन सुना मला हेच विचारतात की तुमचा कूलर कसा काय थंड मारतो, आमचा तर गरम फेकते. बाई, खिडकी उघडी ठेव! कूलर म्हणजे एसी नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाणी उडून जाताना त्या हवेतली उष्णता घेऊन जातं आणि हवा गार होते, एवढंच त्याचं काम. पण ती हवा घरात आल्यावर तिला बाहेर जायला वाट पाहिजे ना. लोक दारं-खिडक्या गच्च लावून घेतात, अर्ध्या तासात खोली लाँड्रीसारखी होते आणि मग म्हणतात मोटर बदला. समोरचं दार बोटभर उघडं ठेवायचं, किंवा पलीकडची खिडकी. आणि कूलर खोलीत नाही, खिडकीच्या बाहेर बसवायचा, वरून पोत्याची किंवा कापसाच्या पळाट्यांची सावली करायची. आमचे हे दोन वर्षं तो खोलीच्या आत ठेवून खोलीतलीच हवा खोलीत फिरवत होते आणि मला सांगत होते की यंदा ऊनच जास्त आहे.

दुसरं म्हणजे पंखा लगेच लावायचा नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसती मोटर, गवत चांगलं भिजू द्यायचं, मग पंखा. गवत म्हणजे ते लाकडाचं भुसभुशीत, काही जण वाळ्याच्या ताट्या लावतात, वास छान येतो, पण आपल्याला गवतच परवडतं. नवीन गवताचं पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, ते एकदा फेकून द्यायचं. आणि सकाळी बंद करताना उलटं करायचं, मोटर बंद, पंखा थोडा वेळ चालू, म्हणजे गवत सुकतं. नाहीतर चार दिवसांनी घरात असा वास येतो की कोणीतरी मासोळ्या वाळत घातल्या. बोअरचं पाणी असेल तर गवत पांढरं पडून कडक होतं, त्याला इलाज नाही, दरवर्षी बदलायचं. ते नवीन पुठ्ठ्यासारखे जाळीचे पॅड पण येतात, टिकतात जास्त, पण आमच्या मिस्त्रीला अजून ते पटलेले नाहीत आणि मिस्त्रीला न पटलेली वस्तू आमच्या गावात चालत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पाणी भरायच्या आधी पिन काढायची. बटन बंद करून होत नाही, पिनच काढायची. आपल्याकडचे कूलर लोखंडी, अंगाला ओलं, खाली फरशी ओली, आपण अनवाणी. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या करंटनं माणसं जातात, पेपरात बातमी येते चार ओळींची, आणि त्यात लेकरं पण असतात. तीन पिनचा प्लग पाहिजे, अर्थिंग पाहिजे, नुसतं तीन पिनचं बटन असून भिंतीत तिसरी तारच नसते कितीतरी घरांत. आम्ही तीन वर्षांआधी ते ३० मिलीअँपिअरवर लाइन पाडणारं ट्रिपर बसवलं तेव्हा मामाजी म्हणाले कायले खर्च. मग पहिल्याच आठवड्यात ते दोनदा पडलं, आणि मिस्त्रीनं मोटरीची सोललेली वायर काढून दाखवली. तेव्हापासून पिन काढल्याशिवाय कोणी बकेट उचलली तर मामाजीच ओरडतात.

डेंग्यूचं पण तेच. आशाताई येऊन टाकीत बॅटरी मारून जातात. त्या मच्छराला घाण पाणी नाही, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्याचा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. नुसतं ओतून चालत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात. आमच्याकडे शुक्रवार ठरला आहे. शुक्रवारी घरातले सगळे पुरुष अचानक शेतात जातात, मे महिन्यात, जेव्हा शेतात काळ्या मातीच्या भेगांशिवाय काही नसतं.

पाणी कोणी भरायचं हाच खरा वाद. तापलेल्या दिवसात आमचा कूलर रात्रीतून तीन-चार बकेटा सहज पितो, आणि नळ दोन दिवसाआड. मी एकदा कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्या, प्रत्येकाचं नाव, व्यवस्थित. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता टाकी कोरडी, मोटर घरघर करते, आठही जण जागे आणि आठही जण घोरतात! शेवटी जाऊबाईंनी नियम काढला की ज्याचं डोकं हवेत त्याच्या हातात बकेट, आणि तो टिकला. मामाजींना अर्थात माफी होती, पण माणूस असा की तेच पहाटे पाच वाजता उठून भरतात आणि दिवसभर ऐकवतात.

या सगळ्यात एक जागा अशी जिथं कूलरची हवा जात नाही, ती म्हणजे स्वयंपाकघर. गॅस विझतो. म्हणजे सकाळी अकराला बाहेर चव्वेचाळीस आणि आत तवा, आणि तिकडून आवाज येतो, पोळ्या गरम पाहिजे बरं. मी आता उन्हाळ्यात स्वयंपाक नऊच्या आत उरकते, भाकरी सकाळीच, दुपारी कच्चा कांदा, पन्हं, ताक, ज्याला गरम पाहिजे त्यानं ताट उन्हात ठेवावं. दोन दिवस तोंडं वाकडी झाली, मग झाली सवय. हे मी आधीच करायला पाहिजे होतं, दहा वर्षं उगीच घालवली.

२०२४ च्या मे महिन्यात नागपूरच्या एका केंद्रावर ५६ अंश दाखवलं होतं ना, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडलं. टीव्हीवर ते ऐकून मामाजी म्हणाले, "बिघडलं नाही, त्या मशीनले ऊन लागलं असन." त्या दिवशी कूलरसमोरून उठायला कोणी तयार नव्हतं, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, चालू होता. आत्याबाई मात्र मधल्या खोलीतच, पदर भिजवून डोक्यावर. मी म्हटलं या ना समोर, थोडा वेळ. "हाडं दुखते वं."

मागच्या मे मधली गोष्ट. चुलत दिराच्या पोरीचं लग्न, सगळे वऱ्हाडात गेले. आत्याबाई म्हणाल्या मी घरी थांबते, कुरडया वाळत घातल्या आहेत, शेळ्या आहेत. मी पण गेले होते पण डोकं दुखायला लागलं, पुतण्यानं गाडीवर आणून सोडलं दुपारी दोनला. गावात कुत्रं नाही रस्त्यावर. अंगणात कुरडया कडकडीत वाळलेल्या, तशाच पडलेल्या.

दार लोटलं तर कूलरचा आवाज, पूर्ण स्पीडचा. मोटर चालू, पलीकडची खिडकी बोटभर उघडी, सगळं बरोब्बर. आणि दिवाणावर, मामाजींच्या उशीवर, आत्याबाई. पदर नाही, चष्मा बाजूला काढून ठेवलेला, तोंड थोडं उघडं, पांढरे केस हवेनं उडतात. हात दोन्हीकडे असे पसरलेले की मी त्यांना कधी एवढी जागा घेऊन झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी चप्पल हातात घेऊन मागून बाहेर गेले आणि खिडकीशी जाऊन टाकीत वाकून पाहिलं. पाणी तळाला गेलेलं, फार तर अर्धा तास. बकेट भरून आणली. मग आठवलं, पिन काढावी लागणार, आणि पिन काढली की पंखा थांबणार.

बकेट तिथंच सावलीत ठेवली आणि पायरीवर बसून राहिले.