स्कोपशेजारचा डॉट आणि ४५ अंशांचा कल

एअर रायफलवरचा ३-९x४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा) ९ पॉवरवर ठेवून ८ मीटरवरचा पत्र्याचा डबा बघा. डब्याऐवजी नुसता धुरकट रंग दिसतो. या जातीच्या बहुतेक स्कोपचं फोकस ९-१० मीटरच्या आत येतच नाही. १० मीटरवर ९ पॉवरला दिसणारं वर्तुळही जेमतेम ४०-४५ सेंटीमीटरचं असतं. पॉवर ३ वर आणली की चित्र सुधारतं, पण मग दुसरीच अडचण येते. नेहमीच्या स्कोपमध्ये रेटिकल (नेम धरायची फुली) दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतं, म्हणजे पॉवर बदलली तरी तेवढंच दिसतं, त्यामुळे ९ वर पाठ केलेला मिलडॉटचा, म्हणजे फुलीवरच्या ठिपक्यांचा, हिशेब ३ वर तिपटीने बदलतो. ३५ मीटरला खालचा पहिला ठिपका लावायची सवय असेल तर पॉवर परत ९ वर न्यायला विसरलात की नेम गेलाच.

यावर उपाय म्हणजे स्कोपला हात न लावता शेजारी ४५ अंशात एक छोटा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवायचा. लांबचं लक्ष्य स्कोपमधून मारायचं. जवळचं आलं की रायफल खांद्यातच डावीकडे फिरवायची आणि डॉट डोळ्यासमोर आणायचा. आमच्या भागात त्याला सरळ साइड डॉट म्हणतात. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने तो उजवीकडे बसवावा, डावखुऱ्याने डावीकडे.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे इकडच्या नेमबाजीवर फौजी शिस्तीचा ठसा आहे. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलवर २५ यार्डांचं ग्रुपिंग (सगळ्या गोळ्या जवळजवळ लावणं) शिकलेल्या प्रत्येकाला पहिला धडा हाच मिळालेला असतो: रायफल कलली की गोळी कलत्या बाजूला आणि खाली जाते. हा धडा खरा आहे. साइड डॉट वापरताना आपण रायफल मुद्दाम कलती धरतो, म्हणून तो मोडला असं वाटतं. तसं नाही. इथे सरळ उभा राहायला हवा तो डॉट. आणि छऱ्याच्या बाबतीत हे गोळीपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळावं लागतं.

आकडे बघितले की कारण कळतं. ०.५४ ग्रॅमचा छरा नळीतून सेकंदाला २०० मीटरने निघाला, तर १५ मीटरवर तो नळीच्या रेषेपासून अंदाजे ३ सेंटीमीटर खाली आलेला असतो आणि २५ मीटरवर पावणेनऊ सेंटीमीटर. रायफल ठरलेल्या कलापेक्षा १० अंश जास्त फिरली, तर या घसरणीचा साधारण सहावा हिस्सा आडवा जातो. म्हणजे १५ मीटरला अर्धा सेंटीमीटर आणि २५ मीटरला दीड सेंटीमीटर डावीकडे. कमी फिरली तर तेवढाच उजवीकडे. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी २५ मीटरवर अर्धा सेंटीमीटरच खाली येते, त्यामुळे तिथे हीच चूक एक मिलिमीटरसुद्धा होत नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये साइड डॉट बसवतात आणि कलाबद्दल कुणी बोलत नाही, ते यामुळेच. त्यांची माहिती जशीच्या तशी छऱ्याच्या बंदुकीला लावू नका.

आता माउंट. आपल्याकडच्या एअर रायफलींवर साधारणपणे ११ मिमीची डव्हटेल खाच असते, तर साइड डॉटचे माउंट बहुतेक पिकॅटिनी रेलसाठी (आडव्या खाचांची पट्टी) बनतात. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर लागतो. दुसरी सोय म्हणजे स्कोपच्या नळीलाच आवळायची कडी, ज्यावर डॉटची पट्टी असते. ती स्वस्त आणि सोपी असते, पण मी ती घ्या म्हणणार नाही. कारण असं: ४५ अंशाचा कोन जिथून निघतो ती जागा बंदुकीच्या नळीच्या जितकी वर, तितका डॉट रायफल कलती धरल्यावर त्या नळीच्या डावीकडे सरकतो. उंचीला ०.७ ने गुणा, की अंतर मिळतं. स्कोपच्या नळीचा मध्य बंदुकीच्या नळीपासून साडेपाच सेंटीमीटर वर असेल, तर डॉट जवळजवळ ४ सेंटीमीटर डावीकडे जातो. १५ मीटरवर झिरो केलात, म्हणजे तिथे डॉट आणि छरा एका जागी आणलेत, तरी ८ मीटरला छरा पावणेदोन-दोन सेंटीमीटर उजवीकडे लागणार आणि २५ मीटरला अडीचपेक्षा जास्त डावीकडे. रेल नळीपासून २ सेंटीमीटर वर असेल, तर सरकणं दीड सेंटीमीटरच्या आत राहतं. मग ८ मीटरला पाऊण सेंटीमीटरही फरक पडत नाही, २५ मीटरला एक सेंटीमीटरच्या आसपास. स्कोपच्या नळीवर कडी जास्त आवळली तर आतलं रेटिकलही अडकतं, ते वेगळंच.

डॉट ३ एमओएचा घ्यावा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १५ मीटरवर तो १.३ सेंटीमीटर झाकतो, ६ एमओएचा २.६. डब्यावर मारायला ६ चालेल, कागदावर नाही. स्प्रिंगची रायफल असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. हा दुहेरी धक्का सोसेल असं विकणाऱ्याने लिहून दिलं नसेल, तर डॉट घेऊ नका. पहिल्यांदा बॅटरीचा संपर्क सुटतो. डॉट लुकलुकतो, बॅटरीच्या घराचं झाकण घट्ट केलं की बरा होतो आणि पन्नास छऱ्यांनी पुन्हा तेच. पीसीपीला, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला, हा त्रास नाही.

बसवण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. मग माउंट नुसतं ठेवून ४५ अंशात फिरवून बघा. स्कोपचा उजवीकडचा विंडेज टरेट (डावं-उजवं जुळवायची घुंडी) डॉटच्या काचेत डोकावतो का? साइडलिव्हर किंवा बोल्ट ओढताना बोटं माउंटला घासतात का? दोन्ही त्रास माउंट टरेटच्या पुढे नेलं की सहसा जातात. पुढची मोठी काच थोडी आड येते, पण दोन्ही डोळे उघडे ठेवले तर तिचा अडथळा होत नाही. स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर आवळावेत. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर एलन कीची छोटी बाजू हातात धरून दोन बोटांच्या जोराने आवळा, त्यापुढे नको. निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब माउंटच्या स्क्रूला लावावा, स्कोपच्या रिंगांना लावू नये.

झिरो करताना आधी स्कोप पूर्ण लावून घ्या आणि मग तो विसरा. डॉटसाठी गवंड्याचा ओळंबा घ्यायचा, बेळगावच्या खडे बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. १५ मीटरवर पुठ्ठा लावून शेजारी ओळंबा सोडा आणि दोरीच्या रेषेत पेनाने उभी रेघ मारा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ४५ अंशात टेकवा. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप पुरतं, पण मोबाइल स्कोपच्या टरेटच्या सपाट टोपीवर ठेवा, दस्त्यावर नको. रायफल हलू न देता डॉटचा वर-खालचा स्क्रू फिरवा. डॉट रेघेवरूनच चढला-उतरला पाहिजे. तिरका जात असेल तर कल चुकलाय किंवा माउंटचा कोन ४५ नाही. मग जो कल डॉटला सरळ ठेवतो तोच तुमचा कल. ४३ निघाला तर ४३. त्यानंतर पाच-पाच छऱ्यांचे ग्रुप मारून मध्यावर आणा. १ एमओएच्या क्लिकने १५ मीटरला छरा ४.४ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एका छऱ्यावर क्लिक फिरवत बसू नका.

डॉट कलत्या स्थितीत नळीच्या ६ सेंटीमीटर वर असेल आणि झिरो १५ मीटरचा असेल, तर वर सांगितलेल्या छऱ्याचा मार्ग साधारण असा येतो: ५ मीटरला सव्वातीन सेंटीमीटर खाली, ८ ला दोन, १० ला सव्वा, २० ला अर्धा सेंटीमीटर वर आणि २५ ला पाव सेंटीमीटर वर. ३० मीटरला पुन्हा पाऊण-एक सेंटीमीटर खाली. म्हणजे १२ ते ३० मीटर डॉट जिथे तिथे छरा, एका सेंटीमीटरच्या आत. फसवणूक जवळच होते. ५ मीटरवर काडेपेटी ठेवली आणि डॉट तिच्या मध्यावर लावला, तर छरा काडेपेटीखाली जातो.

दोष ओळखायची खूण सोपी आहे. ८ मीटरला सगळे छरे थोडे उजवीकडे, २५ ला सगळे थोडे डावीकडे आणि दोन्हीकडे ग्रुप घट्ट, तर हा माउंटच्या उंचीचा भाग आहे. तो लक्षात ठेवायचा, बदलत नाही. ८ मीटरला ग्रुप घट्ट पण २५ ला आडवा पसरलेला, तर तुमचा कल दर वेळी वेगळा होतोय.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात आणि धुक्यात डॉटच्या काचेवर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर रायफल कापडी पिशवीत नको. डबा आणि त्यात सिलिका जेल ठेवा. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर सीआर२०३२ सेल काढून ठेवा. उन्हाळ्यात खानापूरची तांबडी धूळ काचेवर बसते. आधी फुंकणीने उडवा आणि मगच कापड लावा, नाहीतर ओरखडे पडतात.

मागे चिऱ्याची भिंत असेल तर तिच्यावर कधीच मारू नका, छरा उलटून येतो. वाळूने गच्च भरलेलं पोतं ठेवा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे २० जूलच्या आतल्या ४.५ मिमी एअर रायफलला परवाना लागत नाही, पण याचा अर्थ शिवारात पाखरं मारायची मुभा असा होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो भीमगड अभयारण्याबाहेरही तितकाच लागू आहे.

फिरवण्याची सवय छऱ्याविना लावा. रिकामी स्प्रिंग रायफल मात्र घोडा ओढून वाजवू नका, पिस्टन खराब होतो. दस्ता खांद्याच्या खोबणीत तसाच राहू द्या, डोकं हलवू नका, मनगटं आणि कोपर फिरवा. गाल दस्त्यावरून थोडा घसरतो, ते चालतं. मान वाकवून डॉट शोधायला लागलात तर माउंट चुकीच्या जागी आहे. तुमच्या कलाच्या कोनात एक छोटी बबल लेव्हल रेलवर चिकटवा. डोळे मिटा, रायफल फिरवा, डोळे उघडा आणि बबल बघा. रोज वीस वेळा. बबल ३ अंशांच्या आत थांबायला लागला, की २५ मीटरवर कलामुळे होणारी चूक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत येते.