लेकीचा राग आणि आमचं घर

नववीत गेल्यापासून आमच्या लेकीच्या रागाला कारणच लागेनासं झालं. धाकट्यानं चार्जर घेतला, डब्यात कालचीच भाजी आली, एवढ्यावरून दार आपटून आत. माझ्या आईचं म्हणणं, "लई लाडावलीय. एक धपाटा घाल, ताळ्यावर येतीय का नाही बघ." पण धपाट्यानं आवाज बंद होतो, राग आत तसाच राहतो. म्हणून मी आणि बायको एका समुपदेशक मॅडमना भेटलो.

त्यांनी समजावलं ते मनाला पटलं. या वयात मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो. त्यामुळे मूल भडकलेलं असताना समजूत घालणं वाया जातं. तेव्हा आपण आवाज चढवायचा नाही, उपदेश करायचा नाही, बाजूला व्हायचं. मात्र शिवीगाळ आणि फेकाफेक चालणार नाही, हे ती शांत असताना एकदा स्पष्ट सांगून ठेवायचं.

लिहायला सोपं आहे. समोर पोरगी "तुम्हाला काही कळत नाही" म्हणून ओरडत असताना गप्प राहायला छाती लागते. बायकोला ते माझ्याआधी जमलं. "तू शांत झालीस की बोलू, मी स्वयंपाकघरात आहे," एवढंच म्हणून ती निघून जायची.

बोलणं व्हायचं ते गाडीवर. संध्याकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या क्लासवरून तिला आणताना मी मुद्दाम गंगावेशीतल्या दूधकट्ट्याकडे, जिथं म्हशीचं दूध समोर काढून देतात, गाडी वळवायचो. मागे बसल्यावर तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल, पण तिला बोलायला सोपं जायचं. एकदा कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात धरून, फेसाकडे बघत ती म्हणाली, "पप्पा, सगळ्यांनी मला सोडून वेगळा ग्रुप केलाय." "सोड गं, अभ्यास कर" हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मग घराजवळ येईपर्यंत ती बोलत होती. चार्जरवरून निघणारा राग खरा कुणावरचा होता, ते तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट झोपेची. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात झोपही उशिरा येते. सकाळची शाळा, त्यात रात्री उशिरापर्यंत मोबाईल. मग चिडचिड होणारच. आता रात्री सगळ्यांचे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, माझासुद्धा. माझा ठेवला म्हणून तिनं तिचा ठेवला.

सगळंच वयावर ढकलू नये, हेही मॅडमनी बजावलं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास राहणं, जेवण-झोप बिघडणं, आवडीचं सगळं सोडून देणं, स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा, यातलं काही दिसलं तर डॉक्टर गाठायचे. स्वतःला इजा आणि मरणाची भाषा असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आम्ही तो फ्रिजवर चिकटवलाय.

आता दहावी आलीय. क्लास वाढले, झोप पुन्हा कमी झाली, भडकेही वाढलेत. तिला रात्री जागून अभ्यास करायचाय, माझं म्हणणं साडेदहाला दिवा बंद. रविवारी बसून त्यावर बोलायचं ठरलंय.