सावंतवाडीचं शून्य

४१६५१० हा सावंतवाडीचा पिनकोड. शाळेतल्या पोराला उलटा लिहायला सांगा, ०१५६१४ लिहून मोकळा होईल. प्रोग्रामला मात्र आकडा सोलावा लागतो. दहाने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे शेवटचा अंक. आंब्याच्या टेम्पोत शेवटी चढलेली पेटी आधी उतरते, तसा तो आधी हाती येतो. उलटा आकडा दहाने गुणून त्यात हा अंक मिळवायचा, मूळ आकड्याला दहाने भागून शेपूट तोडायचं. मूळ आकडा शून्य होईपर्यंत हेच.

पावसात लाईट गेली की हा प्रोग्राम वहीवर चालवावा. कोकणात तशी संधी भरपूर. तीन रकाने आखा: मूळ, बाकी, उलटा. पहिली ओळ ४१६५१०, ०, ०. मग ४१६५१, १, १. मग ४१६५, ५, १५. शेवटी हाती येतात १५६१४. शून्य पहिल्याच ओळीत गळलं, कारण शून्य गुणिले दहा अधिक शून्य म्हणजे शून्यच. ही चूक नव्हे. पिनकोड ही मुळात संख्याच नाही, ते सहा अंकी नाव आहे. दोन गावांच्या पिनकोडांची बेरीज कोण करतो? शून्य हवंच असेल तर स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, घ्यावी.

खरी चूक वेगळी. आधी अंक मिळवून मग गुणलं, तर १५६१४० येतात. आणि पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत भागाकाराला दोनऐवजी एकच तिरकी रेघ दिली, की दशांश मागे लागतो.

ऋण आकडा आणखी खट्याळ. उणे १२ ला दहाने भागून सी ही भाषा उणे २ बाकी देते, पायथॉन ८. शिवाय पायथॉनमध्ये भागाकार खालच्या बाजूला उतरतो, त्यामुळे उणे १ चा उणे १ च राहतो आणि लूप, म्हणजे हा फेरा, थांबतच नाही. चिन्ह आधी बाजूला काढून ठेवावं, हे बरं.

जावा या भाषेच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या खणात, २१४७४८३६४७ पर्यंतच जागा. १००००००००९ त्यात मावतो, उलटा केलेला मावत नाही. जावा तक्रार न करता ४१००६५४०९ छापते. म्हणून गुणण्याआधीच उलटा आकडा २१४७४८३६४ च्या पुढे गेलाय का, ते बघावं. नेमका तेवढाच असेल तर पुढचा अंक ७ हून मोठा आहे का, हेही पुष्कळ जण तपासतात. गरज नसते. तो दहावा अंक म्हणजे मूळ आकड्याचा पहिला, आणि मूळ आकडा इंटमध्ये मावलेला असल्यामुळे तो १ किंवा २ च असतो.