तुम्ही विचारलंत म्हणून: दूध पावडर पाठवायची का?

कुठं युद्ध पेटलं, टीव्हीवर तंबूतली लेकरं दिसली, की जळगाव-धुळ्याकडची मंडळं, शाळा, भिशीच्या बायका हमखास विचारतात, "त्या पोरांसाठी दूध पावडरचे डबे गोळा करू का?" नका करू. बाटल्या तर अजिबातच नकोत.

छावणीत पोचलेल्या लेकराला गाठतात ते जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि या तिघांना वाट करून देणारं कुपोषण. पावडरचा डबा बंद असला तरी निर्जंतुक नसतो. ती कालवायला उकळलेलं, निदान 70 अंश गरम पाणी लागतं. बाटली-बूच दर वेळी उकळावं लागतं. जळण कुठून आणायचं? माणशी दिवसाला 15 लिटर पाणी हा तिथला किमान निकष. पिणं, रांधणं, धुणं सगळं त्यात, आणि तेवढंही कित्येकदा मिळत नाही. शिवाय डबा पुरवायचा म्हणून आई चार चमच्यांऐवजी दोनच टाकते. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि बाळ वाळत जातं.

"पण भीतीनं आईचं दूध आटतं ना?" सहसा आटत नाही, उतरायचं अडतं. आईला आडोसा, पाणी, जेवण द्या, बाळाला दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा अंगावर घ्यायला लावा. बहुतेकींना पुन्हा उतरतं. आईच नसेल तर पावडर लागू शकते, पण आरोग्य कर्मचाऱ्याच्या नजरेखाली आणि वाटी-चमच्यानं.

जुलाबावरचा उपाय तर निर्वासितांच्या छावणीतच सिद्ध झालाय. 1971 साली पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्यांत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाजायचं काम नातेवाइकांच्याच हाती दिलं. शेकडा 30 पर्यंत जाणारे मृत्यू 4 च्या खाली आले. आज अशाच मिश्रणाचं तयार पाकीट मिळतं, तेच ओआरएस. ते नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. सोबत 6 महिन्यांवरच्या लेकराला रोज 20 मिलिग्रॅम झिंक, किमान 10 दिवस, शक्यतो 14. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, गोळ्याही तिथंच थांबतात. सगळ्यात जास्त चुकतं ते इथं.

गोवराची लस छावणीत 9 महिन्यांची वाट न बघता सहाव्या महिन्यापासून देतात, सोबत अ जीवनसत्त्व. गर्दीत गोवर थांबत नाही. मात्र 9 महिन्यांआधीचा तो डोस धरत नाहीत. पुढचे डोस द्यावेच लागतात.

कुपोषण ओळखायला दंडघेराची पट्टी असते, आपल्या अंगणवाडीताईंकडची. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात. दोन्ही पावलांवर सूज असेल, दाबल्यावर खळगा राहत असेल, तर पट्टी काहीही सांगो, लगेच दवाखाना.

मग मंडळानं काय करावं? तिथं काम करणाऱ्या जाणत्या संस्थेला पैसे द्यावेत. वस्तूच द्यायच्या असतील तर त्या संस्थेला विचारून: साबण, तोटीचे झाकणबंद कॅन, ओआरएस. आणि नंदुरबारकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रकपाशी एकदा जाऊन या. तिथं युद्ध नाही, पण घर सुटलेल्या लेकरांना गाठणारे आजार हेच. लसीचं कार्ड आईच्या पिशवीत आहे का, तेवढं बघा. ते घरी राहिलं तर पुढच्या गावच्या नर्सला कुठला डोस राहिलाय ते कळत नाही.