तुम्ही विचारलंत म्हणून: पळून आलेला एतिएन

क्रुसेडचा, म्हणजे जेरुसलेम मिळवायला निघालेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाचा, विषय निघाला की कोणी ना कोणी मला विचारतंच, "एवढे शूर सरदार सोडून तुम्ही त्या पळपुट्या एतिएनचंच काय सांगत बसता?"

त्याच्या पत्रांमुळे. एतिएन हा फ्रान्समधल्या ब्लुआ आणि शार्त्रचा काउंट. त्याची बायको अदेला ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची लेक. १०९६ साली एतिएन पहिल्या क्रुसेडवर निघाला आणि वाटेतून तिला पत्रं धाडत राहिला. त्यातली दोन आजही वाचायला मिळतात. वाटेतल्या नायसिया शहराहून तो कळवतो, पुढच्या अँटिऑक शहरानं अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेमला पोचू. कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाईन सम्राटाच्या औदार्यानं तर तो पुरता भारावलाय: प्रिये, तुझ्या वडिलांनीही पुष्कळ दिलं, पण या माणसापुढे ते काहीच नाही! सासऱ्याबद्दल बायकोला इतकं मोकळेपणानं लिहिणारा नवरा मला फार जवळचा वाटतो.

अँटिऑकनं अडवलंच, सात महिन्यांहून जास्त. दुसरं पत्र क्रुसेडवाल्यांनी शहराला घातलेल्या त्या वेढ्यातलं, २९ मार्च १०९८ चं. निघताना होती त्याच्या दुप्पट संपत्ती आता आपल्याकडे आहे, सरदारांनी आपल्याला प्रमुख नेमलंय, असं तो अभिमानानं सांगतो. त्याचा धर्मगुरू अलेक्झांडर हे पत्र घाईघाईनं लिहीत असतानाच चकमक होते आणि साठ तुर्क घोडेस्वारांची मुंडकी छावणीत येतात. तेही त्याच कागदावर उतरतं. आणि शेवटी काय, तर राज्य नीट सांभाळ, मुलांना आणि आपल्या माणसांना मानानं वागव, जमेल तितक्या लवकर मी येतोच. मुंडकी आणि मुलंबाळं एकाच पत्रात! तो काळ मला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसला नाही.

दोन महिन्यांनी, शहर क्रुसेडवाल्यांच्या हाती पडायच्या आदल्याच दिवशी, आजारपणाचं कारण सांगून तो निघून गेला. शहर सोडवायला मागून आलेली मोसुलचा तुर्क सरदार कर्बोगा याची अफाट फौज पाहून त्याला वाटलं, आपली माणसं संपली. मदतीला येणाऱ्या सम्राटालाही त्यानं तसंच सांगितलं आणि सम्राट माघारी फिरला. हे मी माफ करत नाही. शहर घेऊन आता स्वतःच आत अडकलेल्या क्रुसेडवाल्यांचा तो मोठाच घात होता.

पण घरी अदेला होती. इतिहासकार ऑर्डेरिक सांगतो, ती त्याला परत जाण्यासाठी सतत टोचत राहिली, अगदी एकांतातसुद्धा. तो गेला. जेरुसलेमला पोचला आणि पहिल्या खेपेला राहून गेलेला तिथे जाण्याचा नवस फेडला. मे ११०२ मध्ये रामल्याच्या लढाईत मारला गेला.

मागे अदेलानं खरोखरच राज्य नीट सांभाळलं. थोरल्या गियोमला बाजूला सारून तिनं कर्तबगार तिबोला गादीवर बसवलं. धाकट्यांपैकी एक ११३५ साली इंग्लंडचा राजा स्टीफन झाला, दुसरा हेन्री विंचेस्टरचा बिशप. म्हणून मला कोणी एतिएनबद्दल विचारलं की मी अर्धा वेळ अदेलाबद्दलच बोलतो.