फुलदाणीवर लाल गुलाब उमटवताना

गुलाब म्हटलं की बहुतेकजण पाकळ्यांची गुंडाळी काढून मोकळे होतात. मला तो केकवरच्या क्रीमसारखा गुलाब नको होता. वनस्पतींच्या जुन्या शास्त्रीय चित्रांत असतो तसा, देठ-पान-कळीसकट हवा होता. वनस्पतिचित्रकार पियेर-जोसेफ रेदूते (१७५९–१८४०) यांचे गुलाब त्यासाठी खूप न्याहाळले. फुलाइतकीच मेहनत त्यांनी पानांवर घेतलेली दिसते. गुलाबाचं एक पान म्हणजे बहुधा पाच किंवा सात पर्णिका (छोटी पानं), दातेरी कडा आणि पानाच्या देठाच्या बुडाशी चिकटलेली उपपर्णं, म्हणजे पानासारखे चिमुकले पंख. ही उपपर्णं रेखाटली की मग पाकळ्या थोड्या चुकल्या तरी चालतं, असं माझं मत झालंय.

चाकावर भांडं उठवणं यातलं सोपं काम. पोट फुगीर, मान अरुंद, बस. पण सपाट चित्राचा कागद त्या पोटाला लावला की चुण्या पडतात आणि फूल एका बाजूला ओढलं जातं. म्हणून छाप घेण्याचा विचारच सोडला. माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर भांडं फिरवत फिरवत फांदी सुईनं थेट त्यावरच काढली. उमललेलं फूल सर्वांत रुंद जागी, कळी मानेकडे.

मग लाल रंग. लोहाच्या ऑक्साइडचा लाल विटकरीकडे झुकतो. तांब्याचा लाल अप्रतिम येतो, पण त्यासाठी भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवावा लागतो. विजेच्या भट्टीत ते सहज जमत नाही. राहिला कॅडमियम-सेलेनियमचा, झिर्कॉन या खनिजाच्या कवचात बंद केलेला रंग. त्याचं अंडरग्लेझ घेतलं, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या (ग्लेझच्या) खाली लावायचा रंग. एकाच थरात पट्टे दिसतात, म्हणून आधीचा थर सुकू देत पुन्हापुन्हा लावावं लागतं. मग पाकळ्यांच्या कडा टोकदार हत्यारानं खरवडल्या. खालची पांढरी माती रेघ बनून वर आली आणि सपाट लाल डागाला पाकळ्या फुटल्या! एवढं समाधान ब्रशनं मिळालं नसतं.

हिरव्याचीही एक खोड आहे. तो क्रोमियमचा असेल तर जस्त असलेल्या ग्लेझखाली तपकिरी पडतो. त्यामुळे बिस्क भाजणीनंतर (ग्लेझ देण्याआधीच्या पहिल्या भाजणीनंतर) जस्त नसलेलं पारदर्शक ग्लेझ निवडलं आणि पातळच दिलं. जाड थराखाली खरवडलेल्या रेघा धूसर होतात. आतूनही ग्लेझ ओतून फिरवलं, कारण कमी तापमानाला भाजलेली माती पाणी शोषते.

ताजे गुलाब मात्र मी या फुलदाणीत ठेवत नाही. खऱ्या पाकळ्यांशेजारी माझा लाल जरा नारिंगी दिसतो. वाळलेलं गवत झकास शोभतं.